वारभर आणि सव्वा वार

माझ्या सासूबाई कापड मोजायच्या ते नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत. तो एक वार. मला बर्फावरचं काही येत नाही, पण वार कळतो. त्यामुळे नवऱ्याचे जुने स्कीबोर्ड माझ्या लेखी वारभर लांबीचे, आणि या डिसेंबरात घरी आलेले नवे सव्वा वाराचे. नवरा आणि त्याची भाची, या मामा-भाचीच्या भाषेत ९० आणि ११५ सेंटीमीटर. मधल्या पाव वारावरून दोघांचं तीन महिने वाजतं आहे. थर्मास आणि थालीपिठांचा डबा सांभाळत मी ते ऐकत असते.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्की लांब आणि चिंचोळी असते, माणसाच्या हनुवटीपर्यंत किंवा त्याहून उंच. स्कीबोर्ड आखूड आणि रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेला. दोन पायांना दोन बोर्ड, आणि हातात काठ्या नाहीत. बूट मात्र स्कीचेच, कडक. उतारावरून येणारा माणूस लांबून पाहिला तर बर्फावर रोलर स्केट्स घालून निघाल्यासारखा दिसतो.

नवऱ्याकडे ९०च्या दोन जोड्या होत्या. भाची शिकायला बॉस्टनला आली तेव्हा एक जोडी त्याने तिला दिली. ती बर्फ शिकली ती त्याच जोडीवर, त्याच्याच मागे मागे. डिसेंबरात त्याने दुसरी जोडी विकली आणि लांब-रुंद नवी घेतली. किंमत मला अजून खरी सांगितलेली नाही.

मार्चमधला एक शनिवार. पहाटे निघून आम्ही न्यू हॅम्पशायरमधल्या कॅनन डोंगराकडे चाललो होतो. आमची गाडी छोटी, ११५चे बोर्ड डिकीत आडवे मावत नाहीत. मागची अर्धी सीट पाडून ते आत सरकवले होते, आणि त्यांची टोकं माझ्या कानाशी. पुढची जागा मी आपणहून भाचीला दिली होती. मागे वळून वळून भांडणाऱ्यांच्या माना मग माझ्याकडेच उपचाराला येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

"मामा, त्याला अपग्रेड म्हणू नकोस," ती म्हणाली. "अपग्रेड फोनचा होतो. जुन्यात होतं ते सगळं नव्यात, वर आणखी काही. तुझ्या नव्या बोर्डात जुन्यातलं निम्मं नाही."

"काय नाही, ते सांग."

"जागच्या जागी गर्रकन फिरणं. झाडाझाडांतून सुळकन निघणं. उलटं उतरता उतरता सुलटं होणं."

"पंचावन्नाव्या वर्षी मला जागच्या जागी फिरून जायचंय कुठे?"

"आई सांगते, आजोबा पाटबंधारे खात्यात होते तेव्हा त्यांची दर वेळी बढतीवर बदली व्हायची. पेढे बढतीचे वाटायचे आणि सामान बदलीचं बांधायचं. तुझं तेच झालंय. बढती-बिढती काही नाही, नुसती बदली आहे ही."

नवरा हसला, पण गाडीचा वेग जरा वाढला. लागलं होतं.

"पेढे मी वाटले नाहीत," तो म्हणाला. "मी गुलमर्गला बुडालो होतो. बुडालेल्याला विचार, लाकूड किती लांब हवं ते."

गुलमर्गची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. शिवाय मी तिथे होते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पुण्याला गेलो असताना आम्ही चार दिवस काश्मीर गाठलं. ९०चे बोर्ड सुटकेसमध्ये मावतात, या आखूडपणाचं तेव्हा कोण कौतुक! गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर सोडतो, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथला उतार यंत्राने दाबून गुळगुळीत केलेला नसतो. आदल्या दोन दिवसांचा ताजा, कोरडा बर्फ. वाटाड्याने बोर्डांकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "साहब, बच्चों का है?" मी पहिल्या टप्प्यावर कहवा पीत बसले होते. बाकीचे लोक पिठावरून बोट फिरवावं तसे रेषा काढत खाली आले. हा तासाभराने आला, मांडीपर्यंत ओला. दर दहा पावलांवर बोर्डांची टोकं बर्फात घुसायची आणि हा पुढे कोसळायचा. काठ्या नाहीत, त्यामुळे उठायला टेकायचं कशावर? हात टेकला की खांद्यापर्यंत आत.

"मी परत येऊन हिशेब मांडला," नवरा म्हणाला. तो इंजिनिअर आहे, हिशेब मांडल्याशिवाय त्याला पडल्याचं दुःखही होत नाही. "ढोबळ आयत धर. ९० लांब, १० रुंद. एका पायाखाली ९०० चौरस सेंटीमीटर, दोन्हींचे १,८००. बूट-कपड्यांसकट मी ७५ किलो. दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ ४२ ग्रॅम. आता ११५ लांब आणि १३ रुंद. दोन्हींचे मिळून ३,०००च्या घरात. २५ ग्रॅम. माझं वजन कमी न करता मी बर्फाला हलका झालो."

"आणि नेहमीची लांब स्की? १७५ लांब, १० रुंद धर. १,७५० एका पायाला. तुझा नवा बोर्ड १,५००. म्हणजे तू स्कीच्या दारात जाऊन उभा राहिलायस. बेल तेवढी वाजवायची राहिली आहे."

"रुंदी मोठी आहे म्हणून. लांबी अजूनही आखूडच आहे, वळतो पटकन."

"पण मामा, गुलमर्ग ही एक दुपार. राहतोस कुठे? इथे ताजा खोल बर्फ हिवाळ्यात किती वेळा मिळतो? बाकी दिवस टणक, रात्री गोठलेला. त्या चार दिवसांसाठी तू उरलेला हिवाळा पाट बांधून फिरतोस."

पाट हा शब्द तिने माझ्याकडून उचलला. नवी जोडी घरी आली तेव्हा मीच म्हटलं होतं, पंगतीला दोन पाट कमी पडत होते, बरं झालं.

इथे नवऱ्याने प्रांजळपणे कबुली दिली, म्हणून मला तो आवडतो. पहिले दोन दिवस त्याचे वाईट गेले होते. ९०वर वळायचं मनात आलं की वळण झालेलं असे. नवा बोर्ड आधी ऐकून घेई, मग विचार करी, मग वळे. उलटं उतरताना मागचं टोक अडकून तो दोनदा पाठीवर पडला. सपाट वाटेवर काठ्या नसल्याने स्केटिंगसारखं ढकलत जावं लागतं, तिथे दोन्ही टोकं एकमेकांवर चढायची. आणि टणक बर्फावर रुंद बोर्ड कडेवर उभा करायला घोटा नि गुडघा जास्त पिळावा लागतो. कड बुटाच्या मध्यापासून लांब गेलेली असते ना. संध्याकाळी तो जिना एकेक पायरी उतरत होता. मी काही बोलले नाही. बर्फाची पिशवी दिली.

"मग तिसऱ्या दिवशी?" भाचीने विचारलं. तिला हे माहीत होतं, पण ऐकायचं होतं.

"तिसऱ्या दिवशी रात्रीतून वीतभर पडला होता. दहा वाजेपर्यंत लोकांनी तुडवून त्याची ढेकळं केली. नांगरलेल्या शेतासारखं. ९०वर असल्या बर्फात प्रत्येक ढेकळाला जाब द्यावा लागतो. हे वरून निघून गेले. मी काहीच केलं नाही गं, नुसता उभा होतो. आणि वेगात पुढची टोकं थरथरत नव्हती. वीस वर्षं मला वाटत होतं, ती थरथर माझ्या पायांत आहे."

गाडीत जरा शांतता झाली. मग भाची म्हणाली, "मला ती थरथर हवी आहे. ती सांगते, आता पुरे. तुझ्या बोर्डाने सांगणं बंद केलंय, याचा अर्थ धोका गेला असा नाही."

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने वायपर उगाच एकदा फिरवला.

ती पुढे बोलतच राहिली. तिचं म्हणणं असं, की आखूड फळीला या देशाने नेहमी बालवाडीच मानलं. १९६०च्या दशकात व्हर्माँटमध्ये क्लिफ टेलर नावाच्या शिक्षकाने आखूड स्कीवर शिकवायचा धडाका लावला. त्यातून पद्धतच निघाली: नवख्याला तीन-सव्वातीन फुटी स्की द्यायची, जमलं की पाच फुटी, मग पूर्ण लांबीची. किलिंग्टनला त्या पद्धतीने लोक शिकले. चांगलंच झालं ते, पण आखूड म्हणजे पायरी, ती चढून मागे टाकायची, हे डोक्यात तेव्हापासून बसलं. मग १९९०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या क्नाइस्लने 'बिगफूट' काढले, पुढच्या टोकाला चक्क पायाच्या बोटांचा आकार. लोकांनी खेळणं म्हणून घेतले. १९९५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत जेसन लेव्हिन्थल या तरुणाने 'लाइन' कंपनी काढून स्कीबोर्ड बनवले, सालोमनचे 'स्नोब्लेड' आले, आणि १९९८ ते २०००च्या हिवाळी एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डची स्पर्धासुद्धा झाली.

"आणि मग?" मी मागून विचारलं.

"मग लांब स्कीलाच दोन्हीकडे वळलेली टोकं बसवली. स्कीबोर्डवरच्या उड्या स्कीवर करता यायला लागल्या. स्पर्धेतून स्कीबोर्ड गेला. 'लाइन'सुद्धा लांब स्कीकडे वळली. म्हणजे मामी, ज्यांनी हे सुरू केलं तेही मोठे झाले आणि निघून गेले. उरलेत ते आमच्यासारखे. त्यातलाही मामा आता पाव वार पुढे सरकला."

"अगं, उरलेले टिकले ते याच पाव वारामुळे," नवरा उसळून म्हणाला. "मोठ्या कंपन्यांनी हात काढल्यावर छोट्या उत्पादकांनी बोर्ड रुंद केले, लांब केले, टोकं आधीपासून उचललेली केली, म्हणून तर खोल बर्फात चालणारा स्कीबोर्ड जन्माला आला. नाहीतर आज हा प्रकार फक्त लोकांच्या गॅरेजमध्ये दिसला असता, जुन्या टेनिस रॅकेटींशेजारी. तू ज्याला दगा म्हणतेस ना, त्याच्यावर हा खेळ जिवंत आहे."

माझ्या मते दिवसभरातला हा त्याचा सर्वांत चांगला मुद्दा होता. पण तेवढ्यात फ्रँकोनियाची खिंड आली आणि दोघं खिडकीतून बर्फ बघायला लागले. इथल्या कड्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा दिसणारा खडक होता, राज्याच्या मोटारींच्या पाट्यांवर अजून त्याचं चित्र आहे. २००३च्या मे महिन्यात तो कोसळला. डोंगर राज्य सरकारचा आहे. नवरा दर वेळी म्हणतो, "पाटबंधारेवाल्याच्या मुलाला सरकारी डोंगरच बरा."

दुपारी डबा उघडला तेव्हा माझी पाळी आली.

बर्फाचं मला कळत नसलं तरी हाडांचं कळतं. जुन्या जोडीचं बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला धरणारी पकड, सुटणारं नाही. पडलात तरी बोर्ड पायालाच. २०००च्या आसपास स्कीबोर्डवरच्या दुखापतींचे अभ्यास झाले. त्यांत दिसलं ते असं, की स्कीवाल्यांच्या मानाने यांच्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या इजा कमी आणि नडगीची हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त. कारण सरळ आहे. लांब स्कीची मागची शेपटी पडताना गुडघ्याला पिळते; आखूड बोर्डाला शेपटी जवळजवळ नाहीच. पण बोर्ड सुटत नसेल, तर पिळाचा सगळा जोर बुटाच्या वरच्या काठाशी येतो. तिथे नडगी असते.

"बुटाचा तळ ३१ सेंटीमीटर," मी दोघांना म्हटलं. "९०च्या बोर्डाला बुटापुढे वीत-सव्वा वीत उरते. ११५च्या बोर्डाला ४२ सेंटीमीटर, जवळजवळ हातभर. पान्याचा दांडा लांब केला की नट लवकर फिरतो. इथे नट म्हणजे तुमचा पाय."

"म्हणूनच तर मी सुटणारं बाइंडिंग बसवलं," नवरा म्हणाला. बोर्डावर स्नोबोर्डसारखीच चार भोकं असतात, चार सेंटीमीटरच्या चौकोनात. त्यावर रायझर नावाची उंच बैठक, आणि तिच्यावर स्कीचं बाइंडिंग. पाय बर्फापासून वर उचलला गेला, वजन वाढलं, पण पडल्यावर सुटतं.

"ते मुख्यतः नडगी वाचवायला सुटतं. गुडघ्याची हमी त्यात नाही, हे तुला मी आधी सांगितलंय." मग भाचीकडे वळले. "आणि तुझं काय?"

"माझा दांडा आखूड आहे, मामी."

"आखूड आहे, नाही असं नाही."

"त्यावर रायझर चढवला तर मी खडावा घालून चालल्यासारखी होईन. बर्फ पायाखाली कळतो, त्यासाठी तर मी हे घालते."

"नडगी मोडली की महिनोन् महिने बर्फच काय, फरशीसुद्धा पायाखाली कळत नाही."

ती गप्प बसली आणि लोणचं मागितलं. या वादात मी कोणाच्या बाजूची, असं दोघंही मला विचारतात. मी पकड सुटण्याच्या बाजूची आहे, लांबी तुमची तुम्ही बघा.

मग नवऱ्याला कल्पना सुचली: अदलाबदल करू. एक फेरी तू माझ्यावर, एक मी तुझ्यावर. आणि इथे गंमत झाली. भाचीच्या बोर्डाची पकड साधी, स्क्रू फिरवून कोणत्याही बुटाला बसते. नवऱ्याची पकड मात्र त्याच्या बुटाच्या लांबीला, वजनाला, वयाला जुळवून दुकानातून लावून आणलेली; भाचीचा लहान बूट तिच्यात बसेना. म्हणजे मामाला मागे जाता येत होतं, भाचीला पुढे जाता येत नव्हतं. तो तिचे ९० घेऊन लिफ्टकडे गेला. ती बूट घालून माझ्याशेजारी लाकडी बाकावर बसली.

दुपारचं ऊन चढलं होतं. सकाळचा काचेसारखा बर्फ मऊ होऊन गोळेवाल्याच्या गाडीवर किसून ठेवतात तसा झाला होता. असल्या बर्फात आखूड बोर्ड अचानक रुततो, हे मला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून माहीत झालं होतं. मी उताराकडे बघत होते. भाचीने मामाचा एक बोर्ड मांडीवर घेतला. अंगठ्याने कड चाचपली. उभा धरला, पोटाच्या वर आला.

"छान आहेत गं, मामी," ती हळू म्हणाली.

"तू कधी लांब बोर्ड घालून बघितलेस?"

"नाही."

"मग इतकं ठामपणे बोलतेस कशाच्या जोरावर?"

तिने बोर्ड फिरवून खालची बाजू बघितली. तिच्यावर डिसेंबरपासूनचे ओरखडे होते. "माझ्याबरोबर तिघं ९०वर शिकले. एकाने १०० घेतला, मग ११०, मग १३०. आता तो स्की करतो. दुसरीही. तिसरा यंदा आलाच नाही. मला भीती वाटते ती हे न आवडण्याची नाहीच."

मी थर्मासचं झाकण लावलं. दहा मिनिटांची फेरी होती, अर्धा तास झाला होता. चाळीस मिनिटं झाली. मी उभी राहिले.

तो आला तेव्हा छाती, दाढी, गॉगलचा पट्टा, सगळं पांढरं. पुढून पडला होता, उघडच. पाय जागेवर होते. खालच्या सपाटीवर त्याने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि आमच्यासमोर येऊन उलटा थांबला.

"चाळीस मिनिटं?" मी म्हटलं.

"रांग होती."

रांग नव्हती, मी लिफ्टकडेच बघत होते. "तुझ्या उजव्या बोर्डाची आतली कड बोथट झाली आहे," तो भाचीला म्हणाला. "धार लावत नाहीस का? मी इतकी सांभाळून वापरलेली जोडी." आणि मग, दुसरीकडे बघत, "आणखी एक मारून येऊ?"

"मामा. बोर्ड दे."

परतताना अंधार झाला होता. आधीची भांडणं रस्त्यात संपली होती, नवीन कोणी काढलं नाही. गाडीच्या उबेने नव्या बोर्डांच्या टोकांवरचा बर्फ वितळून माझ्या खांद्यावर थेंब थेंब पडत होता, मी शाल तिकडे सरकवली. भाचीला झोप लागली असं मला वाटलं होतं. काँकर्डच्या अलीकडे तिने विचारलं,

"ते दुकानवाले बाइंडिंग दुसऱ्या बुटाला लावून द्यायला किती वेळ घेतात?"

"पंधरा मिनिटं," नवरा म्हणाला. "आणि पुन्हा माझ्या बुटाला लावायला आणखी पंधरा."

"आणि ते रविवारी उघडं असतं?"

तो बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असतं. पण तोपर्यंत तुझे ९० माझ्याकडे."